रिमच्या रेषेखाली : जुना पिकअप ट्रक आणि कॅलिफोर्नियाचे एक कलम

१ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्निया राज्यात एक कृती बेकायदेशीर राहिली नाही. ती कृती अशी : आपल्या मालकीच्या गाडीचा सांगाडा इतका खाली आणणे, की त्याचा एखादा भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षाही रस्त्याच्या जवळ येईल. राज्याच्या वाहन संहितेतील कलम २४००८ ने सुमारे साडेसहा दशके यास मनाई केली होती. एवढ्याशा तांत्रिक कलमामुळे हजारो लोकांना रस्त्यावर अडवण्यात आले, दंड झाले, गाड्या जप्त झाल्या. एका समाजाच्या दोन-तीन पिढ्यांना पोलिसांची ओळख प्रथम झाली ती याच कलमामुळे.

हा धागा त्या कलमाचा आहे आणि त्याच्या कचाट्यात सापडलेल्या एका विशिष्ट वाहनाचाही. 'लोरायडर' म्हटले की डोळ्यांसमोर येते ती १९६४ ची शेव्हरले इम्पाला. तिच्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. तिच्या सावलीत राहिलेला जुना पिकअप ट्रक मात्र इतिहासकारांच्या नजरेतून बहुधा निसटतो. वास्तविक ट्रक खाली बसवणे ही मोटार खाली बसवण्यापेक्षा अधिक विलक्षण गोष्ट होय, कारण ट्रक खाली बसवणारा माणूस त्या वाहनाचे प्रयोजनच त्यातून काढून घेतो.

प्रथम कलमाचे शब्द पाहू. त्यात दोन प्रकारची वाहने होती : प्रवासी वाहने आणि ६,००० पौंडांहून कमी वजनाची व्यावसायिक वाहने. कॅलिफोर्नियात पिकअपची नोंदणी व्यावसायिक वाहन म्हणून होते, मग तो ट्रक कधी विटा वाहो वा न वाहो. म्हणजे हे दुसरे शब्द थेट पिकअपला लागू पडत. अट अशी, की मूळ रचनेत बदल करून चाकांखेरीज गाडीचा कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या खाली जाता कामा नये. यामागचा तर्क अगदीच पोकळ नव्हता. चालत्या गाडीचा टायर फुटला तर गाडी रिमवर बसते. अशा वेळी सांगाडा रिमच्याही खाली असेल तर तो डांबरावर घासत जाईल आणि सुकाणू हाती राहणार नाही. प्रश्न कलमाच्या तर्काचा नव्हता. ते कोणावर लावले गेले, हा प्रश्न होता.

गाडी खाली आणण्याची हौस कोणा एका समाजाची नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बॅरिस बंधूंसारखे कारागीर श्रीमंत हौशी ग्राहकांसाठी मर्क्युरी गाड्यांची छपरे कापून, सांगाडे खाली आणून देत होते. १९५१ ची 'हिरोहाटा मर्क' ही त्यांतली सर्वांत गाजलेली गाडी. तिचा मालक जपानी-अमेरिकन तरुण होता. पुढे हॉट रॉड करणाऱ्या तरुणांची आवड वेगळ्या दिशेला गेली : पुढचे तोंड खाली, मागची बाजू वर, आणि सगळा भर वेगावर. मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत मात्र याच्या उलट रीत रुजली. गाडीची मागची बाजू खाली, चाल संथ. 'बाहीतो ई स्वावेसीतो', म्हणजे 'खाली आणि सावकाश', हे त्या रीतीचे ब्रीद झाले.

ही संथ चाल समजून घ्यायची तर १९४३ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षीच्या जून महिन्यात लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नौसैनिक आणि अन्य जवानांनी मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना गाठून मारहाण केली आणि त्यांच्या अंगावरचे सैलसर 'झूट सूट' फाडून काढले. अटक प्रामुख्याने मार खाणाऱ्यांनाच झाली. शहर परिषदेत भाषा झाली ती सूटवर बंदी आणण्याची. पेहराव हा गुन्ह्याचा पुरावा मानण्याची ही सवय पुढे वाहनापर्यंत पोहोचली, असे म्हणण्यास आधार आहे. सूट अंगावरून उतरवता येतो, गाडी घराबाहेर उभी असते, एवढाच फरक.

आता ट्रकाकडे. १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरलेने युद्धोत्तर काळातील आपली नवी ट्रकमालिका बाजारात आणली. 'ॲडव्हान्स डिझाइन' या नावाची ही मालिका १९५५ च्या आरंभापर्यंत चालली. त्यातील अर्ध्या टनाचा ३१०० हा ट्रक आज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे : गोलसर खांदे, आडव्या पट्ट्यांची जाळी, फेंडरमध्ये बसवलेले दिवे, टोपणासारखे बॉनेट. आत सहा सिलिंडरांचे साधे, चिवट इंजिन. शेतावर, वखारीत, बागकामाच्या धंद्यात आणि बांधकामावर हा ट्रक राबला. दहा-पंधरा वर्षांनी तो स्वस्तात दुसऱ्या हाती गेला, तेथून तिसऱ्या हाती. ज्यांना नवी गाडी परवडत नव्हती त्यांच्या दारात तो येऊन उभा राहिला. शिवाय तो दुरुस्त करायला पदवी लागत नसे. पान्हे, जॅक आणि एखादा जाणता काका पुरे असे.

या ट्रकाची बांधणी बैलगाडीइतकी नसली तरी तिच्याच कुळातली. पुढे इंग्रजी 'आय' अक्षराच्या छेदाचा घडीव लोखंडी दांडा, म्हणजेच ॲक्सल, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत आडवा. पुढे आणि मागे, चारही कोपऱ्यांत कमानपाटे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ही कमान ओझे टाकले की सपाट होते, ओझे काढले की पुन्हा वर उचलते. म्हणूनच रिकामा पिकअप मागून उंच दिसतो. मागचा उंचावलेला भाग ही येणाऱ्या ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा असते. हौशी माणसाच्या डोळ्यांत सलणारी उंची नेमकी तीच.

ती घालवण्याचा सर्वांत जुना उपाय ओझे टाकण्याचाच होता. मोटारींच्या डिकीत वाळूच्या वा सिमेंटच्या गोण्या ठेवल्या जात. शनिवारी संध्याकाळी गोण्या आत, सोमवारी सकाळी कामावर जाताना बाहेर. या उपायाला हसणे सोपे आहे; परंतु एकाच वाहनाला कामाचे आणि सणाचे अशी दोन रूपे देणारा, एक पैसाही न मागणारा दुसरा मार्ग त्या काळी नव्हता.

कायमचा उपाय करायचा तर कमानीला हात घालावा लागे. पाट्यांच्या थप्पीतून दोन-तीन पाटे काढून टाकावेत; उरलेली कमान मऊ होते आणि गाडीच्या स्वतःच्या वजनानेच खाली येते. किंवा मुख्य पाट्याच्या टोकाची वळी, जिच्यात बुश बसते, ती उलट्या बाजूस वळवून घ्यावी. तेवढ्यानेही साधारण वळीच्या जाडीइतका फरक पडतो. मागे ॲक्सल पाट्यांच्या वर ठेवून बांधला असेल तर दोहोंमध्ये लोखंडी ठोकळा घालावा : ॲक्सल आहे तिथेच राहतो आणि ठोकळ्याच्या उंचीएवढी गाडी उतरते. ॲक्सल मूळचा पाट्यांच्या खाली असेल तर तो काढून पाट्यांच्या वर बांधावा. एका झटक्यात ॲक्सलची आणि पाट्यांची जाडी मिळून गाडी कित्येक इंच खाली येते. पुढे सरळ दांड्याऐवजी दोन्ही टोकांना वर वाकवलेला 'ड्रॉप्ड ॲक्सल' बसवला जाई. चाके होती तिथेच, दांड्याचा मधला भाग मात्र खाली, आणि त्यासोबत सगळी गाडी. याचा मोठा गुण असा, की पाट्यांना धक्का लागत नाही. बसण्यातला नरमपणा टिकतो.

प्रत्येक उपाय आपले देणे मागे ठेवून जातो. मागचा ॲक्सल चासीच्या दांड्याच्या जवळ आला की खड्ड्यात तो वर उसळून थेट दांड्यावर आदळतो. मग चासीच्या दांड्याला त्या जागी खालून अर्धगोल खाच कापावी लागते आणि कापलेल्या ठिकाणी जाड पत्र्याचे कडे वेल्ड करावे लागते. ते वेल्डिंग कच्चे राहिले तर चासी नेमकी तिथेच मोडते. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो, तो जुळवला नाही तर वेग घेताच सगळा ट्रक थरथरतो. सुकाणूचे दांडे तिरके होतात आणि प्रत्येक खळग्यात चाक आपल्या मनाने वळू पाहते. शॉक ॲब्सॉर्बर आखूड घ्यावे लागतात. आणि एवढे सगळे नीट केले तरी अर्धा टन ओझे वाहण्याची ताकद गेलेली असते ती गेलेलीच.

१९६० साली शेव्हरलेने पिकअपची चालच बदलली. नव्या सी-१० ट्रकात पुढची दोन्ही चाके स्वतंत्र झाली, आधी पीळ खाणाऱ्या दांड्यांवर आणि १९६३ पासून कॉईल स्प्रिंगवर. मागेही पाट्यांऐवजी कॉईल आणि लांब बाहू आले. (या मागच्या बाहूंची रचना इतकी सरस ठरली की अमेरिकेच्या नॅस्कार शर्यतीच्या गाड्यांनी ती उचलली आणि दशकानुदशके चालवली. मालवाहू ट्रकाकडून शर्यतीने उसने घ्यावे, असे प्रसंग इतिहासात थोडे.) कॉईल आली आणि गाडी खाली बसवणे भलतेच सोपे झाले : कॉईलचा एखादा वेढा कापायचा. परंतु वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. आठ कार्यरत वेढ्यांतील दोन कापले तर ताठरपणा एक तृतीयांशाने वाढतो. काही जण कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने कॉईल तापवत आणि ती गाडीच्या वजनाखाली दबू देत. त्यात पोलादाचे पाणी उतरते. अशी स्प्रिंग कधी दगा देईल याचा भरवसा नसतो. जुने जाणते कारागीर या युक्तीचा तिरस्कार करीत, आणि तो योग्यच होता.

कलम २४००८ आले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस. कायमची खाली बसवलेली गाडी आता रस्त्यावर उभीसुद्धा असुरक्षित झाली. मोजपट्टी पोलिसाच्या हातात होती. यावरचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगीरे या तरुणाने शोधले. आपल्या कॉर्व्हेट गाडीच्या बुटकेपणामुळे तो पोलिसांच्या तावडीत वारंवार सापडत असे. त्याने वडिलांच्या मदतीने गाडीत हायड्रॉलिक यंत्रणा बसवली. कळ दाबली की गाडी कायदेशीर उंचीवर. पोलीस नजरेआड झाले की पुन्हा खाली. 'एक्स-सॉनिक' नावाने ही गाडी प्रदर्शनांतून गाजली. कायद्याने एक दार बंद केले आणि त्याच वेळी एक नवे तंत्र जन्माला घातले, असा हा प्रकार.

या तंत्राची सामग्री कुठून आली, हे पाहण्यासारखे आहे. दक्षिण कॅलिफोर्निया हे विमान उद्योगाचे माहेरघर. युद्ध संपल्यावर लष्करी विमानांचे पंप, झडपा आणि सिलिंडर भंगाराच्या दुकानांत अल्प दरात मिळू लागले. बॉम्बफेकी विमानांच्या झडपा हलवणाऱ्या भागांनी आता गाड्या हलू लागल्या. विमानांचे पंप दुर्मीळ होत गेले तशी कारागिरांची नजर मालवाहू ट्रकांच्या मागे असलेल्या उचलफळीकडे वळली. सामान वर चढवणाऱ्या त्या फळीचा विजेवर चालणारा पंप दणकट आणि सहज मिळणारा. तो काढून गाडीत बसवला गेला. म्हणजे ओझे उचलणाऱ्या ट्रकाचे हात काढून ते ओझे न उचलणाऱ्या ट्रकाला लावले गेले.

जुन्या पिकअपमध्ये ही यंत्रणा बसवणाऱ्याला मोटारवाल्यापेक्षा एक सोय असे : मागचा हौदा. बॅटऱ्यांची रांग, पंप, तेलाच्या नळ्या, सगळे तिथे मावते. अनेकांनी ते लाकडी फळ्यांखाली लपवण्याऐवजी क्रोमचा मुलामा देऊन उघडे मांडले. पूर्वी जिथे खताच्या गोण्या पडत तिथे आता यंत्राची आरास झाली.

१९३० ते १९५० च्या सुरुवातीपर्यंतच्या गोलसर गाड्यांना आणि ट्रकांना या मंडळींत 'बॉम्ब' म्हणतात. या जुन्या गाड्यांचा सांभाळ करणाऱ्या क्लबांत लॉस एंजेलिसच्या 'ड्यूक्स'चे नाव अग्रभागी घ्यावे लागते. रुएलास बंधूंनी १९६२ मध्ये तो स्थापन केला. बॉम्बच्या जगात इम्पालाच्या जगातली उड्या मारण्याची चढाओढ फारशी नाही. तेथे मान मिळतो तो जुन्या सुट्या भागांना : मूळचा सूर्यपडदा, मूळचे धुक्याचे दिवे, खिडकीला टांगलेला हवेचा कूलर. आजोबांचा ट्रक नातवाने चालवावा, तो आजोबांना ओळखू यावा, पण आजोबांनी कधी पाहिला नसेल इतका चकचकीत असावा, अशी काहीशी ती अपेक्षा.

हे सगळे ट्रक जिथे फिरत तो रस्ता म्हणजे पूर्व लॉस एंजेलिसचा व्हिटियर बुलेवार्ड. १९५० आणि १९६० च्या दशकांत द्रुतगती महामार्गांनी या वस्त्या चिरून काढल्या. घरे गेली, शेजार तुटला. ज्या शहराने वेगासाठी वस्ती पाडली, त्याच वस्तीतले लोक उरलेल्या रस्त्यावर ताशी दहा-पंधरा मैलांनी गाड्या चालवू लागले. यात निषेध पाहावा की नुसती करमणूक, यावर मतभेद आहेत. बहुतेक वेळा ती करमणूकच होती. आठवडाभर राबलेल्या माणसांना एकमेकांना पाहायचे होते. परंतु याच रस्त्यावर २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध 'चिकानो मोरॅटोरियम'चा प्रचंड मोर्चा निघाला, शेरीफच्या शिपायांनी तो उधळला आणि 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे स्तंभलेखक रुबेन सालाझार 'सिल्व्हर डॉलर' या उपाहारगृहात अश्रुधुराचे नळकांडे लागून मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या रस्त्यावरची कोणतीही गर्दी प्रशासनाला निव्वळ करमणूक वाटली नाही. १९७९ मध्ये शेरीफ विभागाने बुलेवार्डवर अडथळे उभारून गाड्यांचे फिरणे बंद पाडले.

दरम्यान या संस्कृतीला तिचे छापील व्यासपीठ मिळाले होते. १९७७ मध्ये सॅन होजे येथे 'लोरायडर' मासिक निघाले. त्यात गाड्यांच्या छायाचित्रांसोबत चिकानो राजकारण, तुरुंगातील वाचकांची पत्रे आणि तांत्रिक लेख असत. पुढे मुखपृष्ठांवर अल्पवस्त्र स्त्रिया आल्या, खप वाढला, आणि ज्या स्त्रिया स्वतः गाड्या बांधत आणि चालवत त्या दीर्घकाळ मागे ढकलल्या गेल्या. या इतिहासाचा गौरव करताना ही बाजू सहसा वगळली जाते. ती वगळू नये.

पिकअपच्या कथेला १९७० नंतर आणखी एक फाटा फुटला. डॅटसन, टोयोटा, माझदा यांचे छोटे जपानी ट्रक कॅलिफोर्नियात आले. त्यामागे एका विचित्र कराची गोष्ट आहे : युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लादलेल्या जकातीला उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये हलक्या ट्रकांवर २५ टक्के आयातकर बसवला. आयातदारांनी हौद्याविना नुसती केबिन आणि चासी आणून कमी कर भरला आणि हौदा बंदरावर उतरल्यावर जोडला. ही पळवाट १९८० मध्ये बंद झाली. पण त्या स्वस्त ट्रकांवर तरुणांची एक नवी पिढी हात साफ करून गेली. त्यांनी हौदाच हायड्रॉलिकवर चढवला, तो उचलला, वाकवला, गोल फिरवला. जुन्या बॉम्बवाल्यांना हा पोरखेळ वाटे. कालांतराने या पिढीकडून आलेल्या हवेच्या फुग्यांनी मात्र जुन्या ट्रकांचेही भले केले : पाटे काढून त्या जागी रबरी फुगे, हवा सोडली की ट्रक जमिनीला टेकतो, भरली की चालण्याच्या उंचीवर येतो. बसण्यातला नरमपणाही टिकतो.

१९८० च्या दशकात राज्याने नगरपालिकांना 'क्रूझिंग'वर, म्हणजे ठरावीक वेळेत एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा गाडी नेण्यावर, बंदी घालण्याची मुभा दिली. शहराशहरांत फलक लागले. नॅशनल सिटीने १९९२ मध्ये हायलँड ॲव्हेन्यूवर बंदी आणली. आता उंचीचे कलम आणि फेऱ्यांचे कलम अशी दोन हत्यारे झाली. एखाद्या ट्रकाला थांबवायचे तर यांपैकी एक पुरे. आणि थांबवले की पुढची झडती, पुढचे प्रश्न आपोआप येत.

गंमत अशी, की याच काळात संग्रहालये या गाड्यांसाठी दारे उघडत होती. न्यू मेक्सिकोतील चिमायो येथे बांधलेली एक लोरायडर स्मिथसोनियन संस्थेने १९९० मध्ये आपल्या संग्रहात घेतली. हेसुस 'जेसी' वालादेस यांची गुलाबफुलांनी रंगवलेली 'जिप्सी रोज' इम्पाला २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेली. राजधानीत जी वस्तू राष्ट्रीय वारसा म्हणून मिरवते, तिच्या बहिणीला नॅशनल सिटीत चालान मिळते, ही विसंगती क्लबांनी बरोबर पकडली.

मग सुरू झाली ती सभागृहांतली चिकाटीची लढाई. केस पिकलेली माणसे नगरपरिषदांच्या बैठकांना जाऊन वेळ मागत, आम्ही शाळांसाठी खेळणी गोळा करतो, अंत्ययात्रांना आणि लग्नांना गाड्या देतो, असे सांगत. सॅन होजेने २०२२ मध्ये आपली बंदी उठवली, नॅशनल सिटीने २०२३ मध्ये. त्याच वर्षी सॅन डिएगोचे प्रतिनिधी डेव्हिड अल्वारेझ यांनी मांडलेले विधेयक राज्य विधिमंडळात संमत झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर सही केली. नगरपालिकांचा क्रूझिंगबंदीचा अधिकार गेला. उंचीचे कलमही गेले, आणि त्यासोबत '६,००० पौंडांहून कमी वजनाची व्यावसायिक वाहने' हे शब्दही, ज्यांचा उल्लेख त्या दिवशीच्या बातम्यांत क्वचितच झाला.

पोलिसांची मोजपट्टी अर्थात अजून पूर्णपणे निकामी झालेली नाही. हेडलाइट जमिनीपासून किमान २२ इंच उंचीवर असावेत, हा नियम आजही लागू आहे. बुटक्या मोटारींच्या मालकांना त्याची काळजी करावी लागते. १९४७ च्या शेव्हरले ट्रकाचे दिवे मात्र त्याच्या त्या फुगीर फेंडरमध्ये मुळातच इतके वर बसवलेले आहेत, की पाटे काढा, ॲक्सल बदला, चासीला खाच कापा. तो या नियमातून दरवेळी सहीसलामत सुटतो.